चालतील का?

सगळेच विचारतात. काच चार बोटं खाली करून,
खिशातल्या पाकिटावर अंगठा दाबून:
चालतील का?
चालायला काय, काहीही चालतं.
उतारावर दगडसुद्धा चालतो.
इथे ब्लाइनायमध्ये तर डोंगरच चालत खाली आलेत,
स्लेटच्या कपच्यांचे ढीग होऊन, पार घरांच्या परसापर्यंत.
थांबतील का, ते विचारा.

मेरेरिद आली मंगळवारी साडेचारला,
मी कॉम्प्रेसर बंद करायच्या बेतात.
जुनी व्होल्व्हो, लांबलचक,
गाभण मेंढीसारखी मागून बसलेली.
आत तिच्या भावाची, योलोची, बॅटरीवरची खुर्ची.
एकशे साठ किलो. योलो वेगळा.
लोखंडी रॅम्प. दोन ऑक्सिजन सिलिंडर.
एक कुत्री, तिला मोजायचं नाही म्हणाली.
मी मोजली.

मागच्या दोन्ही टायरांना आतल्या कडेला तार दिसत होती,
विरलेल्या सदऱ्यातून फासळ्या दिसाव्यात तशी.

"स्वस्तातले दाखव, इद्वल. नाव नसलं तरी चालेल."
नाव असतं हो. नाव सगळ्यांना असतं.
कुठल्याशा बंदरावरच्या गोदामात चिकटवलेलं,
वाघाचं, वादळाचं, विजयाचं.
बेचाळीस पौंडाला एक वाघ.
शेजारच्या मांडणीवर कुणा म्हाताऱ्या कारखानदाराचं
साधंसं आडनाव. पंच्याण्णव.

तिने पर्स उघडली नाही.
आत किती आहेत ते पाठ असणार.

मी खाली बसलो, काँक्रीटवर तळहात टेकवला.
म्हटलं, गाडी जमिनीला एवढीच शिवते.
दर चाकामागे एवढीच. बाकी सगळा डामडौल हवेत.
तीही बसली, गुडघा कडकन वाजला,
माझ्या हाताशेजारी तिने हात ठेवला, मग दुसरा,
मग मी माझा दुसरा.
दोन ग्रीसने काळे, दोन ब्लीचने भेगाळलेले.
एवढ्यावर दोन टन.
एवढ्यावर योलो.
आणि मध्ये पाण्याचा पापुद्रा.

गाडीतून योलो ओरडला,
"प्रार्थना चाललीय का रे?"

आता खरं सांगायचं तर स्वस्त म्हणजे वाईट, असं नाही.
झिजलेल्या महागापेक्षा नवा कोरा स्वस्त बरा,
मी कुठल्याही पावसात सांगेन.
पण कडेवरचा बारीक आकडा वाचावा.
हिच्या दाराच्या चौकटीवर छापलंय शंभर,
म्हणजे एका चाकाने आठशे किलो पेलायचे.
वाघावर होता एक्याण्णव.
गुरगुरणं वेगळं, ओझं वाहणं वेगळं.

मागच्या खोलीत, वायपरच्या खोक्यांमागे, एक जोडी निघाली.
अठ्ठावन्नला एक. आकडा शंभर.
ओल्यावर पकड बरी. नाव उच्चारता येईना
मला, तिला, योलोलाही.
"दोनच घे आत्ता. पुढचे अजून तीन मिलिमीटर आहेत,
उन्हाळा काढतील."
नवे मी मागेच बसवतो. लोक भांडतात, पुढे बसव म्हणतात.
भांडू देत.
तिने नोटा मोजल्या, शेवटचे सहा पौंड नाण्यांत,
आणि एक नाणं कुत्रीच्या पट्ट्यातून काढलं,
ते का तिथे होतं, मी विचारलं नाही.

रात्री खिंडीवर पाऊस आडवा लागला.
दवाखाना खिंडीपलीकडे. बुधवारी सकाळी त्याची तपासणी.
मी अंथरुणात पडून वळणं मोजत होतो,
तिसरं, जिथे मेंढ्या रस्त्यावरच झोपतात,
पाचवं, जिथे पाणी आडवं वाहतं.
फोन वाजला नाही. बुधवारीही नाही.
ती काही पोचल्याचं कळवणाऱ्यातली नाही.

माझ्या व्हॅनला?
चारही वाघ.
चालतात.
मी बहुतेक रिकामाच असतो.